निष्कर्षास पुष्टी देणारा पर्याय : पारख आणि अध्यापन

बहुपर्यायी प्रश्न सोडविताना मुले बहुधा एकच कसोटी लावतात : चार पर्यायांपैकी खरे वाक्य कोणते? इतिहास-भूगोलाच्या प्रश्नांस ही कसोटी पुरेशी असते. परंतु बुद्धिमत्तेच्या व तर्काच्या प्रश्नपत्रिकांत एक प्रकार असा येतो की, तेथे चारही पर्याय खरे असू शकतात आणि तरीही उत्तर एकच असते. 'पुढील युक्तिवादास सर्वाधिक पुष्टी देणारे विधान कोणते?' हा तो प्रकार होय. येथे केवळ खरेपणाची कसोटी लावणारे हुशार मूलही चुकते, आणि आपण का चुकलो हे त्यास कळत नाही. पुष्कळदा ते शिक्षकासही समजावून सांगता येत नाही; 'उत्तरसूचीत असेच आहे' एवढ्यावर विषय संपतो.

स्पर्धा परीक्षांत हा प्रकार मुलांस पुढे वारंवार भेटतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही घोकंपट्टीऐवजी तर्कशुद्ध विचारावर भर दिला आहे. तेव्हा ह्या प्रश्नांचे स्वरूप, पर्याय पारखण्याची रीत आणि प्राथमिक वर्गात ती शिकविण्याचे मार्ग यांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

१. युक्तिवादाची अंगे

प्रत्येक युक्तिवादात किमान दोन अंगे असतात. जे सिद्ध करावयाचे तो निष्कर्ष, आणि ज्याच्या बळावर तो सिद्ध करावयाचा तो आधार. मराठीत ही अंगे ओळखण्यास शब्दांचे चांगले साहाय्य होते. 'म्हणून', 'यावरून', 'तेव्हा', 'सबब' ह्यांच्या पुढे बहुधा निष्कर्ष येतो. 'कारण', 'ज्याअर्थी' ह्यांच्या पुढे आधार येतो. मात्र 'अर्थात', 'खरे पाहता' असे शब्द दोन्हींकडे येत असल्याने केवळ शब्दांवर विसंबू नये.

ह्या दोन अंगांच्या मध्ये एक सांधा असतो. आधार कितीही खरा असला, तरी त्यावरून निष्कर्षापर्यंत जाताना बोलणारा काहीतरी न बोलता गृहीत धरतो. सांधा कच्चा असेल तर निष्कर्ष डळमळतो. पुष्टी देणे म्हणजे हा सांधा पक्का करणे. ज्या विधानामुळे निष्कर्षावरील विश्वास पूर्वीपेक्षा वाढतो, ते पुष्टी देणारे विधान. तो विश्वास पूर्ण झाला पाहिजे असे नाही; वाढला पाहिजे एवढेच. पुष्टी आणि सिद्धी ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे प्रथमच ध्यानी घ्यावे.

२. एक उदाहरण : 'कॅम्प' हा शब्द

उल्हासनगरच्या परिसरातील मुलांस परिचित असा पुढील युक्तिवाद पाहावा.

'उल्हासनगरातील वस्तीच्या भागांस कॅम्प क्रमांक १, कॅम्प क्रमांक २ अशा नावांनी ओळखतात. यावरून हे शहर लष्करी छावणीच्या जागेवर वसले असले पाहिजे.'

ह्या युक्तिवादास सर्वाधिक पुष्टी देणारे विधान कोणते?

(अ) ह्या शहराजवळून उल्हास नदी वाहते.
(आ) फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या वसाहतींसही 'कॅम्प' असेच म्हणत.
(इ) निर्वासित येण्यापूर्वीच, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, येथे सैनिकांसाठी बराकी बांधलेल्या होत्या.
(ई) उल्हासनगर हे लष्करी छावणीतून उदयास आलेले शहर होय.

चारही विधाने खरी आहेत. महायुद्धकाळात येथे कल्याणची लष्करी छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस तिच्या बराकींत आश्रय मिळाला. आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते ह्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव देण्यात आले. असे असता खरेपणाच्या कसोटीने एकही पर्याय गळत नाही.

आता सांधा शोधावा. आधार 'कॅम्प' ह्या शब्दाचा आहे. निष्कर्ष लष्करी छावणीचा आहे. मध्ये गृहीत काय? 'कॅम्प' हा शब्द लष्कराकडून आला, निर्वासितांकडून नव्हे. सांधा येथेच कच्चा आहे. (इ) हे विधान नेमके येथे काम करते : निर्वासितांच्या आधीपासून लष्कर तेथे होते, हे कळताच निष्कर्षावरील विश्वास वाढतो. (आ) ह्याच ठिकाणी उलट दिशेने काम करते. शब्दाचा दुसरा उगम दाखवून ते निष्कर्ष दुबळा करते. (अ) खरे आहे, पण सांध्याला स्पर्शही करीत नाही. (ई) मध्ये निष्कर्षच निराळ्या शब्दांत पुन्हा सांगितला आहे. म्हणणाऱ्याने तेच दोनदा म्हटल्याने त्याचे म्हणणे अधिक खरे होत नाही.

फसव्या पर्यायांचे तीन प्रमुख प्रकार ह्या एका प्रश्नात दिसून येतात : असंबद्ध, उलट आणि पुनरुक्त.

३. पर्याय पारखण्याची रीत

पर्याय वाचण्यापूर्वीच निम्मे काम झालेले असावे. त्याचा क्रम येणेप्रमाणे.

पहिली पायरी : निष्कर्ष शोधून तो स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात म्हणावा. मुले पुष्कळदा युक्तिवादातील सर्वांत ठळक वाक्यास निष्कर्ष समजतात, ते टाळावे.

दुसरी पायरी : आधार कोणता ते सांगावे आणि 'एवढ्यावरून हे का म्हणता येईल?' असा प्रश्न स्वतःस विचारावा. त्या प्रश्नाने सांधा उघडा पडतो.

तिसरी पायरी : प्रत्येक पर्याय खरा आहे असे मानून चालावे. पर्याय खरा की खोटा, याची चौकशी येथे करावयाची नसते. 'हे खरे असेल तर निष्कर्षावरील विश्वास वाढतो, घटतो की तसाच राहतो?' एवढाच प्रश्न विचारावयाचा. पर्यायापुढे वाढीसाठी वर जाणारा बाण, घटीसाठी खाली जाणारा बाण आणि फरक नसल्यास शून्य अशी खूण करावी.

चौथी पायरी : दोन पर्यायांपुढे वरचा बाण आला तर दोहोंची तुलना करावी. जो सांध्याच्या अधिक जवळ, तो स्वीकारावा.

पाचवी पायरी : शंका राहिल्यास पर्याय उलटा करून पाहावा. वरील प्रश्नात 'निर्वासित येण्यापूर्वी येथे सैनिकांसाठी बराकी नव्हत्या' असे म्हटले तर निष्कर्ष ढासळतो. म्हणजे (इ) खरोखरच भार वाहत होता. 'शहराजवळून नदी वाहत नाही' असे म्हटले तरी निष्कर्षास काही होत नाही. म्हणजे (अ) वर कसलाच भार नव्हता. घराचा कोणता खांब छप्पर पेलतो हे तो काढून पाहिल्यावर कळते, त्यातलाच हा प्रकार होय.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे अवश्य आहे. उताऱ्यावरील आकलनाच्या प्रश्नांत 'उत्तर उताऱ्याबाहेर जाऊ नये' असे मुलांस शिकविले जाते, व ते योग्यच आहे. पुष्टीच्या प्रश्नात मात्र योग्य पर्याय बहुधा नवीन माहिती घेऊन येतो. जी माहिती आधीच दिली आहे तीच पुन्हा सांगून सांधा पक्का होत नाही. आकलनाची सवय लागलेली मुले 'हे उताऱ्यात नाही' म्हणून योग्य पर्यायच प्रथम खोडतात. दोन प्रकारांतील हा भेद फळ्यावर शेजारी शेजारी उदाहरणे मांडून दाखवावा.

४. फसव्या पर्यायांचे आणखी काही प्रकार

असंबद्ध, उलट व पुनरुक्त ह्या तीन प्रकारांखेरीज आणखी काही प्रकार वारंवार आढळतात.

विषय तोच, पण समुदाय निराळा. युक्तिवाद चौथीच्या मुलांविषयी असताना पर्याय महाविद्यालयीन विद्यार्थ्यांविषयी बोलतो. शब्द ओळखीचे असल्याने मूल फसते.

सद्विचाराचा पर्याय. 'शिक्षण हे प्रत्येक बालकाचे हित साधते' यासारखे वाक्य कोणीही नाकारणार नाही. म्हणूनच ते निवडण्याचा मोह होतो. प्राथमिक शाळेत चांगले वाक्य म्हणजे बरोबर उत्तर अशी सवय सुविचारांमुळे लागलेली असते. सुविचाराचे स्थान मोठे आहे. पण तर्काच्या प्रश्नात सद्विचारासही सांध्यावर काम केल्यावाचून गुण मिळत नाहीत.

दोन्ही बाजूंस सारखा लागू पडणारा पर्याय. हा सर्वांत फसवा. तो विषयाशी संबंधित असतो, खराही असतो. परंतु निष्कर्ष खरा असला तरी तसेच घडले असते आणि खोटा असला तरी तसेच घडले असते. अशा विधानाने निवाडा होत नाही.

याउलट एका प्रकारच्या पर्यायास मुले विनाकारण नाकारतात. 'सर्व', 'कधीही नाही', 'प्रत्येक' असे टोकाचे शब्द दिसताच तो पर्याय खोडावा, असा एक आडाखा शिकवणी-पुस्तकांतून रूढ झाला आहे. दिलेल्या माहितीवरून अनुमान काढावयाचे असते तेथे ह्या आडाख्याचा काही उपयोग होतो. पुष्टीच्या प्रश्नात पर्याय खराच मानावयाचा असल्याने टोकाचे विधान उलट अधिक बळ देऊ शकते. तेथे हा आडाखा लावू नये.

५. अंबरनाथचा शिलालेख : एक खरा निवाडा

ही रीत परीक्षेपुरतीच आहे असे नाही. विद्वानांचे निवाडेही ह्याच रीतीने होतात, आणि त्याचे उत्तम उदाहरण अंबरनाथच्या शिवमंदिरात आहे.

ह्या मंदिरातील शिलालेखात शके वर्ष कोरलेले आहे. एकोणिसाव्या शतकात हा आकडा प्रथम ७८२ असा वाचला गेला. पुढे फेरवाचनात तो ९८२ ठरला. शकात ७८ मिळविले असता इसवी सन मिळतो; म्हणजे पहिल्या वाचनाने सन ८६० आणि दुसऱ्याने सन १०६० येतो. एका अंकाच्या वाचनाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलते. लेखात उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील माम्वाणी, म्हणजेच मुम्मुणी, राजाचा उल्लेख आहे.

आता युक्तिवाद असा : 'आकड्यातील पहिला अंक झिजलेला व संदिग्ध असला, तरी वर्ष ७८२ नसून ९८२ असले पाहिजे.' पुढीलपैकी कोणते विधान ह्यास सर्वाधिक पुष्टी देते?

(अ) मंदिर काळ्या पाषाणाचे असून त्याच्या भिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत.
(आ) शिलालेखाची भाषा संस्कृत आहे.
(इ) मुम्मुणीचा वडील बंधू छित्तराज याचा भांडुप येथे मिळालेला ताम्रपट शके ९४८ चा आहे.
(ई) मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले अशी लोकांची श्रद्धा आहे.

(अ) मंदिराचे सौंदर्य सांगते, काळ सांगत नाही. (ई) लोकश्रद्धेची नोंद आहे. ती जपण्यासारखी असली तरी दोन शकांमधील वादात ती कोणत्याच बाजूने बोलत नाही. (आ) दोन्ही बाजूंस सारखे लागू पडते. शके ७८२ मध्येही संस्कृतात लेख कोरले जात आणि ९८२ मध्येही. (इ) मात्र सरळ सांध्यावर येते. वडील भाऊ शके ९४८ मध्ये, म्हणजे सन १०२६ मध्ये, राज्य करीत होता. तेव्हा धाकट्या भावाचा लेख ३४ वर्षांनंतरचा असणे सहज शक्य आहे, पण १६६ वर्षे आधीचा असणे अशक्य आहे.

येथे आणखी एक गोष्ट मुलांस दाखविता येते. ताम्रपटाने ७८२ हे वाचन पूर्णपणे बाद केले, तरी केवळ त्याच्याच बळावर ९८२ सिद्ध झाले नाही. ९७२ किंवा ९९२ ही वर्षेही ताम्रपटाशी जुळली असती. उरलेला निवाडा प्रत्यक्ष अक्षरांच्या वाचनाने झाला. ताम्रपटाचे काम पुष्टीचे होते आणि ते त्याने चोख केले. 'ह्याने पूर्ण सिद्ध होत नाही, म्हणून हा पर्याय चूक' असे म्हणणाऱ्या मुलास हे उदाहरण द्यावे.

चौथी-पाचवीच्या मुलांस शकातून सन काढणे, वजाबाकी करणे व भावांच्या वयाचा विचार करणे सहज जमते. इतिहास, गणित व तर्क यांचा असा मेळ पाठ्यपुस्तकाबाहेरही साधता येतो.

६. पुष्टी कोणत्या मार्गांनी येते

फसवे पर्याय ओळखण्याबरोबरच योग्य पर्याय कोणत्या रूपांत येतात हेही शिक्षकास ठाऊक असावे. भारतीय न्यायशास्त्रात ह्याची चर्चा फार जुनी आहे. 'पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर दिसतो' हे त्यातील प्रसिद्ध अनुमान. त्यास जोड देताना दोन प्रकारचे दाखले दिले जातात. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, हा अन्वय. जेथे अग्नी नाही तेथे धूरही नाही, जसा जलाशय, हा व्यतिरेक.

ह्या अनुमानाचा कच्चा सांधाही न्यायशास्त्रज्ञांनी दाखविला आहे : दुरून धूर वाटते ते वाफ किंवा धुके असू शकते. पावसाळ्यात अंबरनाथ-बदलापूरच्या बाजूने मलंगगडाकडे पाहिले असता कड्यांवर जे पांढरे लोट दिसतात, त्यांस कोणी धूर समजून 'डोंगरावर आग लागली' म्हणेल काय? तेच दृश्य कडक उन्हाळ्यात, कोरड्या हवेत दिसले तर मात्र आगीचा निष्कर्ष बळकट होतो. कारण धुक्याची शक्यता तेथे उरत नाही. दुसरे कारण दूर सारणे हा पुष्टीचा सर्वांत प्रभावी मार्ग आहे.

अन्वय, व्यतिरेक आणि अन्य कारणाचे निरसन हे तिन्ही मार्ग एकत्र आलेले एक उदाहरण जगाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ आली. रोग दूषित हवेने पसरतो असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. डॉक्टर जॉन स्नो यांचे म्हणणे असे की, तेथील सार्वजनिक पंपाचे पाणी हे कारण होय. पंपाजवळ मृत्यू अधिक आहेत, एवढ्याने वाद मिटत नव्हता. कारण पंपाजवळ राहणारे लोक तेच पाणी पीत आणि तीच हवाही घेत. दोन्ही बाजूंस सारखे लागू पडणारे विधान ते हेच. पण त्याच भागातील मद्याच्या कारखान्यातील कामगारांस रोगाची बाधा फारशी झाली नव्हती. ते ह्या पंपाचे पाणी पीत नव्हते. हा व्यतिरेक. आणि दूर हॅम्पस्टेड येथे राहणारी एक वृद्ध स्त्री पटकीने मरण पावली. तिला ब्रॉड स्ट्रीटचे पाणी आवडे म्हणून ते रोज आणवीत असत. हा अन्वय. हवा एक असून रोग नाही, आणि हवा निराळी असून रोग आहे. ह्या दोन गोष्टींनी हवेचे कारण मागे पडले व पाण्याचे पुढे आले.

ह्या तीन मार्गांखेरीज आधार विश्वसनीय असल्याचे दाखविणे हाही एक मार्ग आहे. पाहणी किती मुलांची केली, सर्व वाड्यांची केली की एकाच वाडीची, मोजणी कोणी केली, यांविषयीचा पर्याय पुष्कळदा योग्य उत्तर असतो. कारण व परिणाम यांची उलटापालट झालेली नाही असे दाखविणारा पर्याय हा आणखी एक. 'वाचनालयात जाणारी मुले चांगले वाचतात' यावरून वाचनालयाचा परिणाम सांगावयाचा असेल, तर ती मुले आधीपासूनच चांगली वाचत होती काय, हे पाहावे लागते. ती आधी तशी नव्हती असे सांगणारा पर्याय पुष्टी देतो.

७. हजेरीपटावरील युक्तिवाद

प्रश्नपत्रिकेतील युक्तिवाद चुकला तर एक गुण जातो. शाळेतील युक्तिवाद चुकला तर मुलाचे वर्ष जाते. म्हणून ही रीत शिक्षकाने प्रथम स्वतःच्या निष्कर्षांस लावावी.

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात कातकरी, ठाकूर इत्यादी समाजांतील पुष्कळ कुटुंबे पावसाळा व सुगी संपल्यावर वीटभट्ट्यांवर व इतर कामांवर स्थलांतर करतात. समजा, एखाद्या शाळेत वाडीतील मुलांची हजेरी दिवाळीनंतर एकदम घटते. त्यावर शिक्षकाचा निष्कर्ष असा : 'वाडीतील पालकांस शिक्षणाची आस्था नाही.'

आधार खरा आहे; तो हजेरीपटावर लिहिलेला आहे. पण सांधा तपासला तर काय दिसते? आस्था नसती तर हजेरी जून महिन्यापासूनच कमी असावयास हवी होती. ती दिवाळीनंतरच का घटते, ह्याचे उत्तर ह्या निष्कर्षात नाही. आता दुसरा निष्कर्ष मांडून पाहावा : 'कुटुंब कामासाठी गाव सोडते म्हणून मूल शाळेत येत नाही.' ह्यास पुष्टी कशाने मिळेल? ज्या आठवड्यात कुटुंब गेले त्याच आठवड्यापासून मूल गैरहजर आहे, असे नोंदीवरून दिसले तर. त्याच वाडीतील, पण स्थलांतर न करणाऱ्या घरांतील मुले वर्षभर येतात, असे दिसले तर. कुटुंब परतल्यावर तेच मूल पुन्हा शाळेत येते, असे दिसले तर. आणि जर न जाणाऱ्या घरांतील मुलेही दिवाळीनंतर येत नसतील, तर हा दुसरा निष्कर्षही दुबळा ठरेल व तिसरे कारण शोधावे लागेल. पारख दोन्ही बाजूंनी प्रामाणिक असावी.

निष्कर्षाप्रमाणे पुढील कृती बदलते. पहिला निष्कर्ष मान्य केला की शेऱ्यापलीकडे काही करावयाचे उरत नाही. दुसरा मान्य केला की कामे निघतात : दिवाळीपूर्वीच जाणाऱ्या कुटुंबांची यादी करणे, मुलास शिक्षण हमी कार्ड देणे, भट्टीजवळील शाळेशी संपर्क साधणे, मुलास मागे ठेवण्याची पालकांची तयारी असल्यास हंगामी वसतिगृहाची सोय पाहणे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. परंतु मूल शाळेत का नाही ह्याचे कारणच चुकीचे धरले, तर कायद्याचा हक्क त्या मुलापर्यंत पोहोचत नाही.

'ह्या मुलास गणित येत नाही, कारण त्याची बुद्धी मंद आहे', 'मुली विज्ञानात मागे पडतात, कारण त्यांस त्याची आवड नसते' ही विधानेही अशीच पारखून घ्यावीत. कोणती माहिती मिळाली तर हा निष्कर्ष बळकट होईल, आणि ती माहिती खरोखर मिळविली आहे काय, हा प्रश्न विचारल्यावाचून मुलाविषयी कोणताही शेरा लिहू नये.

८. वर्गात करावयाचे काम

स्वतंत्र तासिकेची गरज नाही. भाषेच्या किंवा परिसर अभ्यासाच्या तासातील दहा मिनिटे पुरतात.

तिसरी-चौथीत तोंडी खेळ घ्यावा. शिक्षकाने एक अनुमान सांगावे : 'अंगण ओले आहे, म्हणून रात्री पाऊस पडला.' मुलांनी खात्री वाढविणारी एक आणि कमी करणारी एक गोष्ट सांगावी. 'छपरावरूनही पाणी ठिबकते आहे' याने खात्री वाढते; 'आजीने नुकताच सडा घातला' याने ती घटते. पुस्तकी शब्द येथे मुळीच नकोत.

पाचवीनंतर फळ्यावर तीन रकाने आखावेत : 'खात्री वाढते', 'खात्री घटते', 'फरक पडत नाही'. पर्याय एकेक वाचून मुलांनी तो कोणत्या रकान्यात जातो हे कारणासह सांगावे. बरोबर पर्याय निवडण्यापेक्षा चुकीचा पर्याय का सोडला, हे सांगण्यावर अधिक भर असावा. एकच प्रश्न अशा रीतीने पूर्ण सोडविणे हे दहा प्रश्नांची उत्तरे तपासण्याहून अधिक फलदायी होते.

त्यापुढील पायरी म्हणजे मुलांनीच पर्याय तयार करणे. एका युक्तिवादासाठी एक पुष्टीचा, एक उलट, एक असंबद्ध व एक पुनरुक्त पर्याय लिहावयास सांगावे. जे मूल फसवा पर्याय रचू शकते ते त्यास सहसा फसत नाही.

शिक्षकाने स्वतः प्रश्न तयार करताना एक दक्षता घ्यावी. दोन पर्याय सारखीच पुष्टी देत नाहीत ना, हे सहकाऱ्यास उत्तर न सांगता प्रश्न सोडवावयास देऊन पाहावे. सहकाऱ्याचे उत्तर निराळे आले, तर चूक बहुधा प्रश्नात असते.

९. सरावासाठी दोन प्रश्न

(पर्यायांतील विधाने सरावापुरती खरी मानावयाची आहेत.)

प्रश्न १. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली व प्रवाशांस बोटींतून बाहेर काढावे लागले. एक ग्रामस्थ म्हणतो, 'बदलापूरजवळ उल्हास नदीस येणारा पूर मुख्यतः वरच्या अंगास, कर्जतकडे, पडणाऱ्या पावसाने येतो.' ह्यास सर्वाधिक पुष्टी कशाने मिळते?

(अ) बदलापुरास दर पावसाळ्यात भरपूर पाऊस पडतो.
(आ) बदलापुरात उघडीप असतानाही कर्जतकडे मुसळधार पाऊस झाल्यास काही तासांनी येथील पाणी चढते.
(इ) पुरामुळे रेल्वेची वाहतूक बंद पडते.
(ई) कर्जतकडे पाऊस असून बदलापुरात नसेल, तेव्हा नदी चढत नाही.

प्रश्न २. 'येथे घोड्यांची बदली होत असे, म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले' अशी लोकांत समजूत आहे. ह्या म्हणण्यास सर्वाधिक पुष्टी कशाने मिळते?

(अ) बदलापूर हे आज रेल्वेचे स्थानक आहे.
(आ) घोड्यांची ये-जा सुरू होण्यापूर्वीच्या कागदांतही हेच नाव आढळते.
(इ) गावाचे पूर्वीचे नाव निराळे होते, आणि घोड्यांचे ठाणे झाल्यानंतरच्या कागदांत प्रथमच हे नाव येते.
(ई) जुन्या काळी प्रवासात घोड्यांचा उपयोग सर्वत्र होत असे.

उत्तरे : प्रश्न १ - (आ). स्थानिक पाऊस हे दुसरे कारण ते दूर सारते. (ई) उलट आहे. (अ) मुळे स्थानिक पावसाचीच बाजू बळावते. (इ) पुराचा परिणाम सांगते, कारण नव्हे. प्रश्न २ - (इ). कारण आधी व नाव नंतर, असा क्रम ते दाखविते. (आ) त्याच क्रमास बाध आणते. (ई) प्रत्येक गावास सारखे लागू पडते, म्हणून ते ह्या गावाच्या नावाचा निवाडा करीत नाही. (अ) असंबद्ध आहे.

हे दोन प्रश्न शिक्षकांनी आधी शिक्षण परिषदेत आपसांत सोडवावेत, सोडलेल्या प्रत्येक पर्यायाचे कारण बोलून दाखवावे, आणि नंतर आपापल्या गावाची नदी, देऊळ, रस्ता, विहीर व हजेरीपट यांवरून नवे प्रश्न तयार करून ते वर्गात न्यावेत.